माया

शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडतात,
त्याला आम्ही शिवणारे माया म्हणतो.
मूल वाढणार, हे आधीच कबूल करून ठेवायचं.

दुकानच्या गणवेशाला माया नसते.
पाव इंच, वर ओव्हरलॉक, विषय संपला.
जूनमधली पँट दिवाळीनंतर घोट्याच्या वर जाते
आणि बाप म्हणतो, बघा, उंच झाला की पोरगा!
त्या हसण्यातला हिशेब
मला मशीनच्या आवाजातही ऐकू येतो.

मी अप्परला राहते, डेपोच्या मागे, चढावर.
मागच्या मे महिन्यात गोडांबे बाई स्वतः चढून आल्या,
पदरानं मान पुसत म्हणाल्या,
चहा नको, एवढं सांगा, जुन्याचं नवं किती होतं?

माया असेल तेवढं, मी म्हटलं.

तोवर शाळेचं नाव विणलेलं कापड
लक्ष्मी रोडच्या एकाच दुकानात मिळायचं.
जायचं यायचं बसभाडं, अर्धा दिवस,
धुण्याभांड्याची दोन घरं बुडायची ती वेगळीच.
बाईंनी ते बंद केलं.
निळं कापड कुठलंही चालेल, म्हणाल्या,
शाळेचं बोधचिन्ह टिचबटणांनी वरून लावा.
टिचबटणं! नऊ रुपयांची पट्टी.
संस्थेच्या बैठकीत तीन तास भांडण झालं म्हणे त्यावर.

मग कपाट.
प्रयोगशाळेतलं, बेडकांच्या बरण्यांचं.
येल्लप्पा मामांनी ते तीनदा धुतलं, उन्हात ठेवलं,
मी उसवून, वाढवून, काज करून दिलेले कपडे
हारीनं लावले.
कुलूप नाही. वही नाही.
कोणी काय नेलं, लिहायचं नाही.

आठ दिवस कोणी हात लावला नाही.
मधल्या सुट्टीत त्याला नाव पडलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

नवव्या दिवशी पालकसभा.
बाई म्हणाल्या, आज प्रत्येकानं एक ठेवायचं, एक न्यायचं.
सगळ्यांनी. मी पण.
गंगाधामच्या डॉक्टरीणबाईंनी
तीस नंबरचा स्कर्ट लेकीच्या कमरेला लावून पाहिला,
म्हणाल्या, अहो, ही शिवण कोणाची? सुरेख आहे.
मी मागच्या बाकावर होते. मान वर केली नाही,
पण घरी जाताना चढ लागला नाही त्या दिवशी.

आता 'उद्या येताना आणा' हेही थांबलंय.
थर्माकोल, घोटीव कागद, चमकी, सुतळी,
रात्री साडेआठला आठवायचं पोरांना,
आणि दुकानदार शटर अर्ध्यावर धरून उभा.
आता वर्गातच एक पेटी असते, सगळ्यांची.

संयुक्ता माझी, आता खराडीला नोकरीला जाते.
पाचवीत तिचा कोळीनृत्यात नंबर लागला होता.
पोशाखाचं भाडं साडेतीनशे.
गॅदरिंगच्या सकाळी म्हणाली, पोटात दुखतंय.
मी ओवा दिला.
ओवा.
मागच्या भाऊबीजेला, हसत हसत, सांगितलं तिनं खरं.

असो. कॉलर उसवली की आत शाईनं नावं सापडतात,
मोहसिना, सातवी ब.
पुसट झालेलं असतं, पूर्ण जात नाही.
मी त्यावर नवी पट्टी शिवते. नाव आतच राहतं.

पायाची दुमडही तशीच.
सोडली की आतून गडद निळी पट्टी निघते,
ऊन न लागलेली,
आणि जुन्या काठाची एक रेघ.
इस्त्रीला दबत नाही, व्हिनेगरलाही नाही.

परवा सहावीतला एक जण, आदिनाथ, माप द्यायला आला.
काकू, ही रेघ जात नाही का?
नाही रे. आधीचा मुलगा इथपर्यंत होता.
त्यानं रेघेवर बोट ठेवलं,
तिथून खाली टाचेपर्यंत वीत टाकली,
म्हणजे माझ्यापेक्षा बुटका होता, म्हणाला,
आणि पँट खांद्यावर टाकून
उतारानं पळत सुटला.